जाळीचे ठसे

ग्लेनिस पॅस्कोने स्पंज केकचा सातवा नियम खोडला तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. नवरा क्लाइव्ह मेंढ्यांच्या लिलावाला गेला होता, कुत्रा व्हरांड्यात झोपला होता, तरीही तिने आधी उठून मागच्या दाराला कडी लावली. मग लॅपटॉपसमोर बसून माऊस डाव्या हातात घेतला. उजवं मनगट हिवाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडून मोडलं होतं. प्लास्टर जाऊन पट्टा आला होता, ताकद मात्र अजून आली नव्हती. डाव्या हाताने तिने कशीबशी ओळ धरली आणि खोडायची कळ दाबली.

ओळ गेली नाही. ती लालभडक झाली. पोटातून आडवी रेघ ओढून घेतलेला लाल मजकूर पानाच्या मधोमध पसरला आणि समासात एक चौकट उगवली : ‘ग्लेनिस पॅस्को. खोडले.’

ही मर्वची करामत. मर्व डगन यंदा जेरीबाँग शोचा, म्हणजे गावच्या शेतकी प्रदर्शनाचा, अध्यक्ष झाला होता आणि आल्या आल्या त्याने नियमपत्रिकेच्या फाइलमध्ये बदलांची नोंद ठेवायची सोय सुरू करून ठेवली होती. “कोणी काय बदललं ते कळायला पाहिजे,” असं तो म्हणाला होता, आणि पाककृती विभागाची सेक्रेटरी या नात्याने ग्लेनिसने त्याला जोरात पाठिंबाही दिला होता.

तिने घाईघाईने वरच्या पट्टीतली सगळी बटणं चाचपली. एका ठिकाणी ‘बदल लपवा’ असं सापडलं. ते दाबताच लाल रंग गेला, चौकट गेली, पान धुतल्यासारखं स्वच्छ झालं. खालच्या नियमांचे आकडेही शहाण्यासारखे वर सरकलेले दिसले. ग्लेनिसने सुटकेचा श्वास सोडला, फाइल बाकीच्या तिघांना फिरवायला ईमेलने पाठवली आणि त्या पानाकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. गुन्हेगार म्हणे गुन्ह्याच्या जागी परत येतो. ती येणाऱ्यांतली नव्हती.

सातवा नियम असा होता : ज्या केकवर जाळीचे ठसे असतील तो बाद. केक ओव्हनमधून काढला की तो साच्यातून पालथा करायचा, आणि तारांच्या जाळीवर गार करण्याआधी पुन्हा सुलटा करायचा, नाहीतर वरच्या नाजूक सालीवर तारांच्या रेघा उमटतात. हे दोनदा उलटणं झटपट आणि अलगद व्हावं लागतं आणि त्याला दोन धड मनगटं लागतात. ग्लेनिसकडे दीड होतं. तिने सरावाला क्लाइव्हची मदत घेऊन पाहिली. तो केक कुत्र्याने खाल्ला.

एरवी तिने हे केलं नसतं. गव्हाच्या कोठारावरच्या प्रयोगशाळेत तिने सारा जन्म दाण्यातला ओलावा मोजण्यात घालवला होता आणि शेतकऱ्यांनी कितीही गोड बोललं तरी काट्यावर बोट ठेवलं नव्हतं. पण यंदा प्रश्न आईच्या चषकाचा होता. स्पंज केकचा तो चांदीचा चषक तिच्या आईने, एडिथने, शोला दिला होता आणि जो सलग तीन वर्षं जिंकेल त्याने तो कायमचा घरी न्यावा, अशी अट स्वतःच घातली होती. आपल्याशिवाय कोणाला हे जमणार नाही याची आईला खात्री होती. नोलीन हार्कर तेव्हा शाळेत होती. आता नोलीन सलग दोन वर्षं जिंकली होती.

नोलीन ग्लेनिसची जुनी मैत्रीण. त्यामुळे गोष्ट आणखीच असह्य होती. शत्रूच्या कपाटातला चषक निदान रोज बघावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात जेवता जेवता क्लाइव्ह एकटाच हसू लागला.

“काय झालं?” ग्लेनिसने विचारलं.

“आमच्या गहूवाल्यांच्या संघाचं पत्र. चेअरमनने मसुदा सगळ्यांना फिरवला होता. आधी कोणीतरी त्यात लिहिलेलं की चेअरमनला बैल आणि गाय यातला फरक कळत नाही. मग ते लपवलं. पण मसुदा परत आल्यावर चेअरमनच्या मशीनवर सगळं उघडं पडलं. रंगीत, नावासकट!”

“लपवलं होतं ना? मग कसं दिसलं?”

“अगं, लपवलं म्हणजे गेलं थोडंच? मेंढा कुंपणामागे गेला म्हणजे विकला गेला का? ‘दाखवा’ म्हटलं की परत हजर. जायला पाहिजे असेल तर बदल मंजूर करावा लागतो, नाहीतर नामंजूर. ए, बटाटे दे ना.”

ग्लेनिसने बटाट्याऐवजी मोहरीची बाटली पुढे केली.

क्लाइव्ह ट्रॅक्टरकडे गेल्याबरोबर तिने लॅपटॉप उघडला. फाइल नोलीन, थेल्मा आणि मर्व यांच्याकडून फिरून परत आली होती. वरून पान कोरं करकरीत. तिने ‘बदल दाखवा’ दाबलं आणि होळी खेळून यावं तसा समास रंगून आला. पहिल्याच पानावर थेल्मा बेग हिरव्या रंगात : स्कोन या छोट्या गोल पावांची रुंदी पाच सेंटिमीटरऐवजी सहा. थेल्मा स्कोन कापायला नवऱ्याच्या आवडत्या बिअरचा ग्लास वापरतात हे अख्ख्या गावाला माहीत होतं. दुसऱ्या पानावर नोलीन हार्कर, जांभळी : स्पंजमध्ये ‘फक्त रास्पबेरीचा जॅम’ खोडून ‘कोणताही जॅम’. नोलीनच्या मागच्या अंगणात जर्दाळूचं झाड होतं. आणि त्या जांभळ्याच्या बरोब्बर वर, नाकावर टिच्चून बसल्यासारख्या, पोटातून रेघ गेलेल्या दोन लाल ओळी. ‘ग्लेनिस पॅस्को.’

तिने झाकण फाडकन मिटलं.

म्हणजे नोलीनने पाहिलं असणार. एवढ्या लालाखाली जांभळं लिहिणारी बाई आंधळी असली तरच पाहणार नाही. की नोलीनकडेही सगळं लपलेलंच होतं आणि तिला काही दिसलंच नाही? पाठवलेली ईमेल परत बोलावता येत नाही. पण माणसाकडे जाता येतं.

ती लिंबाचा मुरंबा घेऊन नोलीनकडे गेली. नोलीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. ग्लेनिस दारात दिसताच तिने झाकण खाली केलं आणि त्यावर चहाची किटली ठेवली.

“अगं, लॅपटॉपवर गरम किटली?” ग्लेनिस म्हणाली.

“त्याला सवय आहे. बस. मनगट काय म्हणतंय?”

“बरं आहे. का?”

“का म्हणजे? विचारलं.”

“नाही, सगळं ठीक आहे. तू काय करत होतीस?”

“हवामान बघत होते.”

खिडकीबाहेर विम्मेराच्या गहू-मुलखाचं निळंशार आकाश दोन महिन्यांपासून होतं तसंच होतं. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“नियमपत्रिका वाचलीस का गं?” ग्लेनिसने चमचा ढवळत विचारलं.

“वरवर. तू?”

“मी पण वरवरच.”

“ती कोण वाचतंय, ग्लेनिस? वर्षानुवर्षं तेच नियम.” नोलीनने तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग डोळ्यांत पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “माणसाने स्वतःला फार ताण देऊ नये बघ. होतं तेवढंच करावं.”

ग्लेनिस चहा अर्धा टाकून उठली. हा सरळ सरळ टोमणा होता.

खाटकाच्या दुकानात थेल्मा भेटल्या. ऐंशी उलटलेल्या, काठीपेक्षा बारीक, आणि मुरंब्यापेक्षा गोड.

“पोरी, हात दुखतोय अजून?”

“थोडा, थेल्मा. तुम्ही कशा आहात?”

“मी मस्त. हे बघ, मी कोणाला काही बोलणार नाही हं.”

“कशाबद्दल?” ग्लेनिसच्या हातातला सॉसेजचा पुडा निसटता निसटता राहिला.

“कशाबद्दलच नाही. म्हणूनच बोलणार नाही.” थेल्मांनी तिच्या गालावर चापट मारली. “आयुष्यात कधी कधी सोपा रस्ता घ्यावा लागतो. मी नाही का ग्लास वापरत?”

घरी येऊन ग्लेनिसने प्रयोगशाळेच्या शिस्तीने विचार केला. पुरावा असा : नोलीनला माहीत आहे, थेल्मांना माहीत आहे. दोघी गप्प आहेत. का गप्प आहेत? कारण आपणही त्यांचं जांभळं आणि हिरवं पाहिलं असेल अशी त्यांना भीती आहे. ‘दाखवा’ म्हटलं तर एकटीचं दिसणार नाही, सगळ्यांचंच दिसेल. म्हणजे कोणीच म्हणणार नाही. हे तर्कशास्त्र इतकं चोख होतं की त्या रात्री तिला शांत झोप लागली.

तर्कात फक्त मर्व बसत नव्हता. त्याचा एकही रंग फाइलमध्ये नव्हता.

कमिटीची बैठक शोच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरली. तिथे भिंतीवर भलामोठा नवा टीव्ही लटकत होता आणि मर्व त्याला लॅपटॉपची वायर जोडत होता.

“हे काय?” तिघी एकदम म्हणाल्या.

“कागद वाया कशाला घालवायचे? नियमपत्रिका इथेच बघू. एकेक बदल, मोठ्या अक्षरात. मंजूर तर मंजूर.”

पडद्यावर फाइल उघडली. कोरी, निष्पाप. मर्वचा बाण पडद्यावर मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यासारखा इकडे तिकडे धावला आणि हळूहळू ‘बदल दाखवा’कडे सरकू लागला.

“मर्व!” नोलीन म्हणाली. “आधी चहा.”

“आत्ताच झाला की.”

“मला हवाय,” थेल्मा म्हणाल्या. “माझं वय झालंय. मधेच काही झालं तर?”

“एक बटण दाबतो, मग—”

ग्लेनिस उभी राहिली. खुर्ची मागे पडली. “माझा ठराव आहे. सगळे बदल न पाहता एकदम मंजूर करावेत. आपला एकमेकींवर विश्वास आहे.”

“माझं अनुमोदन!” नोलीनने शब्द तोंडातून पडायच्या आत झेलला.

थेल्मांनी दोन्ही हात वर केले.

मर्वने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. “गेल्या वर्षी लॅमिंग्टन केकला खोबरं बारीक की जाड यावर तुम्ही सूर्य मावळेपर्यंत भांडलात. आणि आज न पाहता?”

“माणूस सुधारतो,” नोलीन म्हणाली.

मर्वने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग खांदे उडवले, का कोण जाणे गालातल्या गालात हसला, आणि ‘सर्व मंजूर’ दाबलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. जे होतं ते नियम झालं होतं. पत्रिका त्याच संध्याकाळी छापखान्यात गेली. मर्वच्या त्या हसण्याचा खडा मात्र ग्लेनिसच्या बुटात राहिला.

ऑक्टोबरात शो भरला. पाककृतीच्या मांडवात पांढऱ्या कागदावर केक मांडले होते, प्रत्येकापुढे आकड्याची एक चिठ्ठी, नाव खाली दुमडलेलं. परीक्षक म्हणून दूरच्या गावाहून मिसेस ऑटवे आल्या होत्या. त्यांच्या हातात सुरी, पट्टी आणि नियमपत्रिका होती, आणि चेहऱ्यावर कोणाचीही ओळख नव्हती.

ग्लेनिसचा स्पंज उंच होता, पिसासारखा हलका होता, आणि त्याच्या माथ्यावर तीन रेघा होत्या. मिसेस ऑटवेंनी पत्रिका वाचली, रेघांवरून नजर फिरवली, पुन्हा पत्रिका वाचली.

“बाद करता येत नाही,” त्या सोबतच्या बाईला म्हणाल्या. “तसा नियम दिसत नाही. पण डोळ्यांना दिसतंच ना.”

तिसरा क्रमांक. जर्दाळूच्या जॅमचा दुसरा. आणि पहिला एका अशा केकला, ज्याची उंची चारी बाजूंनी पट्टीने आखल्यासारखी सारखी होती. चिठ्ठी उलगडली.

“मर्व डगन!”

मर्व मेंढ्यांच्या गोठ्यातून थेट आला होता. बुटाला सगळा पुरावा चिकटलेला होता. त्याने चषक दोन्ही हातांत घेतला. “आभार, आभार! तयार मिश्रणाच्या पाकिटामागे लिहिलं होतं तसंच केलं. तीन अंडी, पाणी, आणि ढवळलं.”

मग मागून शेजारच्या गावातल्या बायकांचा गलका उठला. “पाकिटाचा केक? बाद करा! पाकिटाला मनाई आहे!”

मिसेस ऑटवेंनी पत्रिका वर धरली. “कुठे लिहिलंय? मला दाखवा.”

पत्रिका हातोहात फिरली. नियम नव्हता. दर वर्षी असायचा, जाळीच्या नियमाखाली, आठवा. यंदा नव्हता.

“मला वाटलं कमिटीने शेवटी माझं ऐकलं,” मर्व म्हणाला. “किती वर्षं सांगतोय, पाकिटात वाईट काय आहे? कोणी काढला ते बघायचंय का? मंजूर करायच्या आधीची फाइल आहे माझ्या फोनमध्ये. ‘दाखवा’ म्हटलं की नावासकट येतं.” त्याचा अंगठा वर उचलला गेला.

“फोन खिशात ठेव, मर्व,” नोलीन म्हणाली. आवाज सुरीसारखा. “निकाल म्हणजे निकाल.”

“आणि चहा निवतोय,” थेल्मांनी काठी आपटली.

ग्लेनिसने मान डोलावली, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. जिचा चषक आत्ता हातचा गेला ती नोलीन गप्प कशी बसते? चषक तर सुटला. तिसऱ्या वर्षी नोलीन हरली, तिची सलगता मोडली. आता तो वर्षभर मर्वकडे राहणार आणि पुढच्या वर्षी परत मैदानात येणार. ग्लेनिसला उडी मारावीशी वाटत होती. पण नोलीन? तिनेच आठवा नियम काढला असेल का? स्वतःसाठी पाकीट? छे, नोलीन आणि पाकीट! मग थेल्मा?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुनी फाइल उघडली. या वेळी झाकण मिटायचं नाही असं ठरवून ‘बदल दाखवा’ दाबलं आणि लाल मजकूर पहिल्यांदाच शांतपणे, एकेक शब्द वाचला. पहिली ओळ : जाळीचे ठसे असलेला केक बाद. दुसरी ओळ : पाकिटातल्या तयार मिश्रणाचा केक बाद. दोन्हींवर एकच लाल रेघ. समासात एकच नाव.

डाव्या हाताने धरलेला माऊस एक ओळ खाली घसरला होता. जन्मभर दाण्यातला ओलावा मोजलेल्या बाईने दोन ओळी मोजल्या नव्हत्या.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. नोलीन होती, हातात कापडी पिशवी.

“एकटी आहेस ना? मग बोलते.” ती बसली. “काल जीव नुसता टांगणीला लागला होता. तो मर्व फोन काढतोय म्हटल्यावर मला वाटलं, गेली आता ग्लेनिसची अब्रू!”

“तू... पाहिलं होतंस?”

“पहिल्याच दिवशी. एवढं लाल! थेल्मांनी पण पाहिलं. आम्ही दोघींनी ठरवलं, अक्षर काढायचं नाही. बैठकीत मर्व ते उघडायला निघाला तेव्हा थेल्मांनी कसा चहा मागितला! तुझी लाज झाकायची म्हणून आम्ही काय काय केलं.” ती किंचित लाजली. “आता तू बदलतेयस म्हटल्यावर मी पण जर्दाळू घुसवला, ते सोड.”

इतके दिवस ग्लेनिस जिला पाळतीवर समजत होती, ती पहारा देत होती. “नोलीन, मी तुला सांगणारच होते. आईचा चषक, आणि हे मनगट, दोन वेळा उलटायचं जमत नाही—”

“मला कळलं ना गं! मोडक्या हाताने अंडी फेटायची तरी कशी? पाकीट वापरलंस तर बिघडलं काय?”

“पाकीट?”

“आणि हो, काल एक तुकडा खाल्ला मी तुझा. देवाशपथ, पाकिटाचा वाटलाच नाही.”

ग्लेनिसने तोंड उघडलं. तो केक तिने डाव्या हाताने फेटला होता, खांदा भरून येईपर्यंत, आईच्या पद्धतीने, पीठ तीनदा चाळून. “मी पाकीट वापरलं नाही,” ती म्हणाली.

“बरं बरं.” नोलीनने डोळा मिचकावला.

“नोलीन, खरंच नाही! तो नियम खोडायचाच नव्हता मला. तो चुकून गेला.”

“चुकून तर ती वरची, जाळीची ओळ गेली. मी थेल्मांना तेच म्हटलं. बिचारीचा डावा हात, माऊस वर सरकला असणार. केकवर रेघा उठल्या त्या मोडक्या हातामुळे, ते वेगळं. जाळीचा नियम काय कोणी मुद्दाम काढणार आहे? एडिथची मुलगी? ते तर शुद्ध लबाडीचं काम झालं.”

स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरत होता. ग्लेनिसने नोलीनच्या प्रामाणिक, प्रेमळ, एकही शंका नसलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाकिटाचा डाग पुसायचा तर जाळीचा ठसा दाखवावा लागणार होता. तिसरा रस्ता नव्हता.

“हो,” ती शेवटी म्हणाली. “माऊस सरकला.”

“वाटलंच मला. आणि चषकाचं मनावर घेऊ नकोस. तो घासायला अर्धा दिवस जातो, बरं झालं मर्वकडे गेला. तुझ्या आईची वस्तू कायमची माझ्या कपाटात ठेवून तुझ्यासमोर चहा प्यायला मला तरी कसं जमलं असतं?” नोलीनने पिशवीतून तीन पाकिटं काढून टेबलावर मांडली. व्हॅनिला, व्हॅनिला, चॉकलेट. “मनगट बरं होईपर्यंत. थेल्मांनी आणि मी मिळून घेतली. कोणाला कळणार नाही.”

ती गेल्यावर ग्लेनिसने पाकिटं कपाटात सगळ्यात मागे, पिठाच्या डब्याआड सरकवली. लपवली म्हणजे गेली नाहीत हे आता तिला ठाऊक होतं.

मग ती लॅपटॉपसमोर बसली आणि पुढच्या वर्षीची नियमपत्रिका उघडली. बदलांची नोंद सुरू आहे ना, ते तपासलं. सगळे बदल उघडे दिसताहेत ना, ते पुन्हा तपासलं. आणि पाकिटावर बंदी घालणारा नियम तिने ठळक अक्षरांत परत लिहिला. तो लाल उमटला. शेजारी चौकटीत तिचं नाव आलं, कोणालाही, कुठूनही दिसेल असं. ते तिने बराच वेळ समाधानाने पाहिलं.

जाळीचा नियम तेवढा लिहायचा राहून गेला. मनगट अजून दुखत होतं.